मजल आणि मुक्काम : मराठी गद्यातील पायी प्रवासाचे स्वरूप

मराठीतील प्रवासवर्णनांचा विचार करताना समीक्षेने सामान्यतः दोन गोष्टींकडे लक्ष दिलेले दिसते. एक, लेखकाने कोणता प्रदेश पाहिला. आणि दुसरी, त्या प्रदेशाचे वर्णन करताना त्याचे व्यक्तिमत्त्व कसे प्रकट झाले. हा प्रवास कोणत्या गतीने झाला, या प्रश्नाला मात्र या विचारात फारसे स्थान मिळालेले नाही. बोटीने, आगगाडीने वा विमानाने केलेला प्रवास आणि पायी केलेला प्रवास यांत केवळ वेळेचा फरक आहे, असे यामागे गृहीत धरलेले असते. वस्तुतः गती बदलली की प्रवाशाच्या अनुभवाला काय लाभणार आणि काय निसटणार, हेच बदलते. अनुभव बदलला की निवेदनाची घडणही बदलते. चालण्याच्या संथ गतीने मराठी गद्याला कोणते रूप दिले, याचा शोध काही निवडक ग्रंथांच्या आधारे घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या शोधात एक सावधगिरी आवश्यक आहे. पायी प्रवासाविषयी लिहिताना त्याचा गौरव करण्याचा मोह सहज होतो. चालणारा माणूस निसर्गाच्या जवळ जातो, त्याचा अहंकार गळतो, वाटेत भेटलेले सारे त्याचे सोयरे होतात, अशी विधाने वारंवार केली जातात. मराठीतील महत्त्वाच्या ग्रंथांची साक्ष काढली असता ही विधाने अंशतःच खरी ठरतात. चालण्याने माणसे जवळ येतात हे खरे. पण जवळ आल्यामुळेच त्यांच्यातील अंतरेही स्पष्ट दिसू लागतात. हे दुहेरी सत्य लक्षात घेतल्याशिवाय या वाङ्मयाचे मोल नीट कळत नाही.

१. अटनाची परंपरा

मराठी गद्याच्या प्रारंभकाळीच पायी भ्रमंती उभी आहे. तेराव्या शतकातील 'लीळाचरित्र' हा म्हाइंभटांनी सिद्ध केलेला ग्रंथ म्हणजे एका अखंड चालणाऱ्या पुरुषाच्या आठवणींचा संग्रह होय. त्याच्या विभागणीतच भ्रमंतीचा क्रम दिसतो. चक्रधरस्वामी एकटे हिंडत होते त्या काळातील लीळा 'एकांक' या भागात येतात, तर शिष्यपरिवारासह झालेल्या वाटचालीतील लीळा 'पूर्वार्ध' आणि 'उत्तरार्ध' या भागांत येतात. महानुभाव आचारधर्मात अटन, विजन आणि भिक्षा यांना जे स्थान आहे, ते पाहता चालणे हे येथे प्रवासाचे साधन राहत नाही. ती जगण्याची रीतच ठरते. एका जागी रुजू नये, ओळखीच्या माणसांत गुंतू नये, यासाठी सतत चालत राहावयाचे, ही त्यामागील भूमिका आहे.

वाङ्मयीन दृष्टीने येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. अनासक्तीसाठी चालणाऱ्या या परंपरेने स्थळांची नोंद मात्र विलक्षण आस्थेने ठेवली. लीळा स्थळाशी बांधलेली असते. अमुक गावी, अमुक देवळात, अमुक झाडाखाली हे घडले, असे ती सांगते. 'स्थानपोथी' या ग्रंथात तर स्वामींच्या वास्तव्याच्या जागा, तेथील देवळे, मठ आणि त्यांच्या दिशा यांचाच तपशील आहे. गाव सोडावयाचे आहे म्हणूनच ते नेमके लक्षात ठेवावयाचे, असा हा वरकरणी विसंगत वाटणारा व्यवहार आहे. त्यातून मराठी गद्याला दोन देणग्या मिळाल्या : मुक्कामागणिक तुटणारे लहान प्रसंगांचे निवेदन आणि स्थलनामाची निष्ठा. पुढील काळातील पायी प्रवासाच्या गद्यात ही दोन्ही लक्षणे पुनःपुन्हा भेटतात.

२. 'माझा प्रवास' : वाटेवरचा इतिहास

मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८५७ मध्ये, पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे आपल्या चुलत्यांबरोबर उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता त्यांच्या कानी आली होती आणि घरचे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळेल, अशी त्यांची आशा होती. या प्रवासाचे मूळ असे पोटापाण्याच्या विवंचनेत आहे. तीर्थयात्रेचे पुण्य आणि दक्षिणेची आशा यांत गोडसे भटजींना कोठेच विरोध वाटत नाही, आणि हा त्यांच्या निवेदनाचा प्रामाणिकपणा होय.

ज्या वाटेने ते निघाले, तीच वाट बंडाच्या वणव्यात सापडली. महूकडे जाताना वाटेत भेटलेल्या शिपायांकडून येऊ घातलेल्या उठावाची कुणकुण त्यांना लागते. पुढे ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, अयोध्या, काशी असा त्यांचा फेरा होतो. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते, आणि शहर पडल्यानंतरची कत्तल व लूट त्यांनी जीव मुठीत धरून पाहिली. झाशी सोडल्यावर काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्यांची आणि राणी लक्ष्मीबाईंची जी गाठ पडते, तो प्रसंग या ग्रंथातील सर्वांत गाजलेला प्रसंग आहे. या प्रसंगाचे मर्म समजून घेण्यासाठी वाट आणि विहीर ही दोन स्थळे ध्यानात घ्यावी लागतात. राजवाड्यात राणी आणि याचक ब्राह्मण यांच्यामध्ये देवड्या, कारकून, मानकरी आणि दरबारी रिवाज उभे असतात. वाटेवर, तहानेच्या क्षणी, यांपैकी काहीच उरत नाही. चालणाऱ्याच्या तहानेला दर्जा नसतो.

हा ग्रंथ प्रत्यक्ष प्रवासानंतर सुमारे पाव शतकाने, १८८३ च्या सुमारास लिहिला गेला. चिंतामण विनायक वैद्य यांनी तो १९०७ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केला; मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रकाशात आणली. इतक्या वर्षांनंतर लिहूनही निवेदनात तपशिलांची जी दाट वीण दिसते, तिचा उलगडा चालण्याच्या गतीने बऱ्याच अंशी होतो. पायी प्रवाशाच्या स्मरणात घटना तारखांच्या क्रमाने नव्हे, तर मुक्कामांच्या क्रमाने साठतात. एका मजलेनंतर दुसरी मजल आठवते, आणि प्रत्येक मुक्कामाबरोबर तेथे कोणी आश्रय दिला, काय शिजवले, कोठे लुटले गेलो, काय ऐकले, हे सारे वर येते. तारखांबाबत असा निवेदक चुकू शकतो. वाटेचा क्रम मात्र त्याच्या स्मरणाला आधार देतो. 'माझा प्रवास' इतिहासाचे साधन म्हणून वाचताना हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ऐकीव वार्ता आणि प्रत्यक्ष पाहिलेले यांची येथे झालेली सरमिसळ हा केवळ निवेदकाचा दोष नाही. पायवाटेवर बातमीही पायीच चालते. ती धर्मशाळेत, पाणवठ्यावर, भेटलेल्या वाटसरूच्या तोंडून कळते आणि तशीच लिहिली जाते.

दक्षिणेच्या हिशेबाने पाहता हा प्रवास जवळजवळ निष्फळ ठरला. मिळालेले द्रव्य वाटेत लुटले गेले. गोडसे भटजींनी घरी आणली ती आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेची कावड. काशीपासून कोकणापर्यंत खांद्यावरून पाणी वाहून आणणे, ही गोष्ट आजच्या हिशेबात बसत नाही. पण त्या पाण्याचे मोल त्या चालण्यातच होते.

३. एकच वाट, दोन पुस्तके : 'वाटचाल' आणि 'पालखी'

आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट मराठी गद्याने दोनदा मोठ्या ताकदीने टिपली आहे. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख 'परिपूर्ती' या संग्रहात आहे, तर दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही लेखक रूढ अर्थाने वारकरी नाहीत. एक मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. दुसरे रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय करणारे कथाकार. दोघेही पुण्याच्या सुशिक्षित मध्यमवर्गातून त्या गर्दीत शिरतात आणि दोघांनाही तेथे आपले परकेपण जाणवते. पदव्युत्तर वर्गात ही दोन पुस्तके एकत्र शिकवावीत, इतके त्यांचे नाते निकटचे आहे.

वारीची दिनचर्या हीच या दोन्ही लेखनांची चौकट आहे. पहाटे निघावयाचे, अभंग म्हणत चालावयाचे, दुपारी विसावा, पुन्हा चाल, संध्याकाळी समाजआरती, कीर्तन आणि निद्रा. बहुतेक दिवसांची मजल पंधरा-वीस किलोमीटरांची असते. पुणे ते सासवड ही दिवेघाटाची मजल तेवढी सुमारे तीसपर्यंत जाते. पुढे जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी असे मुक्काम ठरलेले. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, गाणीही ठरलेली असल्यामुळे चालणाऱ्याला कोठे जावयाचे याची चिंता नसते. त्याचे लक्ष मोकळे होते आणि ते शेजारच्या माणसाकडे वळते. वारीवरील गद्यात निसर्गवर्णन तुलनेने थोडे आणि माणसांची बोलणी पुष्कळ आढळतात, त्याचे एक कारण येथे आहे.

इरावतीबाईंच्या लेखाचा गाभा एका वेदनेत आहे. ज्या दिंडीबरोबर त्या चालतात, तिच्यात ब्राह्मण आणि मराठा असे दोन गट आहेत. वाटेवर दोघांची चाल एक, अभंग एक, टाळाचा ठेका एक. जेवणाच्या वेळी मात्र चुली वेगळ्या आणि पंक्ती वेगळ्या. ज्या संतांची वचने ओठांवर आहेत त्यांनीच हा भेद नाकारला होता, ही जाणीव लेखिकेला अस्वस्थ करते. त्या दोन्ही गटांत मिसळतात, दोन्हींकडे जेवतात; पण आपल्या एकटीच्या मिसळण्याने ती दरी बुजत नाही, हेही त्यांना दिसते. त्याच लेखात, पंढरीला जाणाऱ्या लोकांचा देश तो महाराष्ट्र, अशा आशयाची जी व्याख्या त्या करतात, ती पुढे स्वतंत्रपणे सर्वत्र उद्धृत होत राहिली. संदर्भापासून तोडल्यामुळे ती निर्भेळ अभिमानाची वाटते. मूळ लेखात मात्र ती वेगळ्या पंक्तींच्या अनुभवाशेजारी उभी आहे. एकत्र चालणारा आणि वेगळा जेवणारा महाराष्ट्र, असे ते पूर्ण चित्र आहे. व्याख्या शिकवताना पंक्तीचा प्रसंग वगळणे हा लेखिकेवर अन्याय होय.

या संदर्भात आणखी एक वस्तुस्थिती विसरता येत नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले झाले ते मे १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणानंतर. तोवर कित्येक पिढ्या संपूर्ण वाट चालूनही महाद्वारात थांबल्या. वाट सर्वांची होती. मुक्काम सर्वांचा नव्हता. पायी प्रवासाच्या समतेविषयी बोलताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते.

मोकाश्यांची रीत निराळी आहे. इरावतीबाई अनुभव पचवून त्याचा चिंतनपर लेख करतात. मोकाशी मुक्कामागणिक पुढे सरकतात. ते वारकऱ्यांशी बोलतात, ही माणसे दरवर्षी का चालतात हे समजून घेऊ पाहतात, आणि मिळालेल्या उत्तरांना एका सूत्रात ओवण्याची घाई करीत नाहीत. संसारातील कटकट, घराण्याची रीत, नवस, सवय, खरीखुरी ओढ, या सर्वांना त्यांच्या पुस्तकात जागा आहे. स्वतःच्या शंकाही ते झाकत नाहीत. आपण येथे भक्त म्हणून आलो की निरीक्षक म्हणून, हा प्रश्न त्यांचा पाठलाग करतो आणि पंढरपुरास पोहोचल्याने तो सुटत नाही. १९८७ मध्ये फिलिप एंगब्लोम यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे हे पुस्तक मराठीबाहेरील अभ्यासकांपर्यंत पोहोचले. परंतु त्याचे वाङ्मयीन यश त्यातील माहितीपेक्षा या न सुटणाऱ्या प्रश्नात अधिक आहे. वाहनातून आलेला निरीक्षक पाहून निघून जातो. चालणाऱ्या निरीक्षकाचे पाय त्याच चिखलात असतात, त्यालाही फोड येतात. त्यामुळे त्याची तटस्थता दिवसागणिक झिजत जाते. ही झीज नोंदवणे हे 'पालखी'चे वैशिष्ट्य होय.

गती आणि अनुभव यांच्या संबंधाची एक अनपेक्षित परीक्षा अलीकडे घडली. करोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये पायी सोहळा झाला नाही. संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. उपचार पार पडला, परंपरा खंडित झाली नाही. तरीही त्या वर्षी वारी झाली, असे म्हणताना वारकऱ्यांची जीभ अडखळली, तर त्यात नवल नाही. पोहोचणे आणि वारी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काही तासांच्या प्रवासाने दाखवून दिले.

४. परिक्रमा : पोहोचण्याचे ठिकाण नसलेली वाट

वारीला पंढरपूर आहे. नर्मदा परिक्रमेला असे ठिकाणच नाही. जेथून निघावयाचे तेथेच परतावयाचे. नदी उजव्या हाताला ठेवून चालावयाचे, प्रवाह ओलांडावयाचा नाही, चातुर्मासात एका जागी राहावयाचे आणि भिक्षेवर निर्वाह करावयाचा, असे तिचे परंपरागत नियम आहेत. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही तट चालावयाचे म्हटले की अंतर दुपटीवर जाते. तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस ही रूढ मुदत या नियमांतूनच अर्थपूर्ण होते.

गो. नी. दांडेकर यांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही कादंबरी या परिक्रमेवर उभी आहे. दांडेकरांनी स्वतः नर्मदातटाकी भ्रमंती केली होती. तथापि त्यांनी ती प्रवासवर्णनाच्या नव्हे, तर कादंबरीच्या रूपात मांडली. शीर्षकातील 'कुणा एकाची' हे शब्द महत्त्वाचे आहेत. परिक्रमावासी आपले नाव, घर, शिक्षण मागे ठेवून निघतो. दारात उभ्या राहिलेल्या भिक्षेकऱ्याला कोणी त्याची पदवी विचारीत नाही. सुशिक्षित तरुणाला हात पसरावा लागणे, हा या भ्रमणाचा खरा कस आहे. 'माझा प्रवास'मधील भिक्षुकाला मागणे हा परंपरेने दिलेला अधिकार वाटतो. दांडेकरांच्या नायकाला ते शिकावे लागते. दुसऱ्याच्या दारी उभे राहिल्यावाचून चालणाऱ्याचा दिवस सरत नाही, आणि या परावलंबनातूनच त्याला माणसांची ओळख होते.

या कादंबरीला आज आणखी एक परिमाण लाभले आहे. सरदार सरोवराचे लोकार्पण सप्टेंबर २०१७ मध्ये झाले. धरणाच्या फुगवट्याखाली शूलपाणीच्या झाडीचा मोठा भाग, तेथील आदिवासी गावे आणि जुनी परिक्रमावाट गेली. महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील गावेही त्यात आहेत. परिक्रमा अजूनही होते. पण अनेक ठिकाणी ती नदीपासून दूर, सडकेने वळते. जी वाट पुन्हा चालता येणार नाही, तिचे वर्णन आता एका अर्थाने दस्तऐवज झाले आहे. 'स्थानपोथी'ने जे जाणीवपूर्वक केले, ते येथे काळाच्या ओघात घडले.

५. सक्तीचे चालणे

स्वेच्छेने चालणाऱ्यांच्या या वाङ्मयाशेजारी सक्तीने चालणाऱ्यांची नोंद ठेवल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. पंडिता रमाबाईंचे बालपण आणि तारुण्याचा प्रारंभ भारतभर पायी हिंडण्यात गेला. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत, आणि कुटुंब तीर्थामागून तीर्थ चालत असे. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात आईवडील व बहीण यांचा अंत झाला, आणि १८७८ मध्ये भाऊ व बहीण कलकत्त्यास पोहोचले. रमाबाईंच्या आत्मनिवेदनात या चालण्याला भूक आणि थंडी यांची साथ आहे. श्रद्धा तेथे बळकट होत नाही, ती ढासळते. तरीही या वाटेनेच त्यांना देशातील स्त्रियांची दशा दाखवली, आणि त्यांच्या पुढील कार्याची बीजे त्यात आहेत.

मे २०२० मध्ये जालन्याहून निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली चिरडले गेले. तेही पायी घरी निघालेले होते. चालण्याचा गौरव करणाऱ्या कोणत्याही विवेचनाला या वाटसरूंना ओलांडून पुढे जाता येणार नाही. संथ गतीचे फळ मिळण्यासाठी वाटेत विसावा, घोटभर पाणी आणि शेवटी परतण्याचे घर असावे लागते. ज्याला यांपैकी काही नाही, त्याच्यासाठी मजल ही केवळ मजल असते.

६. समारोप

वरील विवेचनातून काही गोष्टी हाती लागतात. पायी प्रवासाचे मराठी गद्य मुक्कामाच्या एककाने रचले जाते. त्याची सलगता कथानकाची नसून वाटेची असते. या गद्यात पाहण्याइतकेच, कित्येकदा त्याहून अधिक, ऐकण्याला महत्त्व असते; कारण चालणाऱ्याला सोबत असते आणि सोबत बोलते. त्याचा निवेदक स्वावलंबी नसतो. पाणी, भाकर आणि आसरा यांसाठी तो इतरांवर विसंबून असतो आणि हे विसंबणेच त्याला समाजाच्या आत नेते. तेथे गेल्यावर त्याला जिव्हाळा भेटतो, तशीच वेगळी पंगतही भेटते.

या दृष्टीने प्रवासवर्णन, आत्मचरित्र, कादंबरी आणि ललितलेख हे रूढ वाङ्मयप्रकार ओलांडून वाटचालीच्या गद्याची एक सलग परंपरा अभ्यासता येईल. अभ्यासक्रमात हे ग्रंथ वेगवेगळ्या पत्रिकांत विखुरलेले असतात, त्यामुळे त्यांचे परस्परांशी असलेले नाते विद्यार्थ्यांच्या ध्यानात येत नाही. 'लीळाचरित्रा'तील स्थलनिष्ठा, गोडसे भटजींचे मुक्कामांनी बांधलेले स्मरण, इरावतीबाईंची अस्वस्थता, मोकाश्यांची शंका आणि दांडेकरांच्या नायकाचा पसरलेला हात, ही एकाच लांब वाटेवरची ठिकाणे आहेत. ती क्रमाने आणि सावकाश चालत गेले पाहिजे. या ग्रंथांच्या वाचनालाही तीच गती मानवते.